पार्ट बदलला म्हणजे माप मारलं, असं नाही

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला इंदूरच्या चार वेगवेगळ्या मराठी ग्रुपांवर आला. लोकमान्य नगरच्या एका मावशींनी तर फोनच केला, "अरे, तू हेच सामान विकतोस ना? मग खरं काय ते सांग." मेसेज थोडक्यात असा आहे. पंपावर मशीन उघडून दुरुस्ती चाललेली दिसली तर आठवडाभर तिकडे फिरकू नका, कारण नवा पार्ट माप कमी करायलाच बसवतात. 100 किंवा 200 रुपयांचं पेट्रोल घेऊ नका, 110 किंवा 210 चं घ्या. पेट्रोल पहाटेच भरा. नोझल हळू दाबायला सांगा, नाहीतर पाइपातलं पेट्रोल परत टाकीत जातं. आणि शेवटी, मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या डब्यात न आलेला प्रत्येक पार्ट डुप्लिकेट समजा.

मी 17 वर्षं इंदूरच्या सियागंज बाजारातून पेट्रोल पंपांच्या मशीनचे सुटे भाग पुरवतो. यातल्या शेवटच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, ते पुढे सांगतो. बाकीचं चूक आहे, आणि पहिला मुद्दा नुसता चूक नाही, त्याने नुकसान होतं.

दुरुस्तीचंच आधी घेऊ. जुन्या पद्धतीच्या मशीनमध्ये मोटर बेल्टने पंप फिरवते, पंप जमिनीखालच्या टाकीतून पेट्रोल ओढतो, ते जाळीतून गाळलं जातं, त्यातली हवा वेगळी काढली जाते आणि मग ते मीटरमध्ये शिरतं. मीटरच्या आत पिस्टन असतात. दर फेरीला ठरलेलं तेवढंच पेट्रोल पुढे सरकतं. मीटरच्या दांड्यावर बसलेला पल्सर या फेऱ्या मोजून कार्डाला कळवतो आणि कार्ड आकडा पडद्यावर दाखवतं. नव्या पंपांवर मोटर टाकीतच बुडालेली असते आणि पेट्रोल दाबाने वर येतं, पण मीटरपासून पुढची रचना साधारण हीच.

आता हे झिजलं की काय होतं ते बघा. पिस्टनचे सील झिजले की थोडं पेट्रोल न मोजताच बाजूने निसटतं. पडद्यावर 5 लिटर दिसतात आणि गाडीत त्याहून जरा जास्त पडतं. इथे तोटा ग्राहकाचा नाही, मालकाचा आहे. माझ्याकडे मीटरचं सील-किट मागायला येणारे मालक बहुतेक याच कारणाने येतात: टाकीचा डिप (दांडी बुडवून मोजलेला साठा) आणि मशीनचा टोटलायझर (एकूण विक्रीचा आकडा) यांचा हिशेब आठवडाभर जुळलेला नसतो. उलट प्रकारही असतो. टाकीतलं पेट्रोल वर ओढणाऱ्या पाइपाच्या तळाचा फूट व्हॉल्व्ह गळका झाला, त्या पाइपाचा जोड सैल पडला किंवा हवा काढणाऱ्या भांड्यातला फ्लोट अडकला, तर हवा मीटरमध्ये जाते. मीटरला हवा आणि पेट्रोल यांतला फरक कळत नाही, तो हवेचेही पैसे लावतो. पंपावरच्या कोणाच्याही मनात काही नसताना ग्राहकाला कमी पेट्रोल मिळतं, ते असं. नोझल उचलल्यावर, पेट्रोल सुरू व्हायच्या आतच आकडा शून्यावरून चार-पाच रुपयांवर उडी मारतो, तेव्हाही पुष्कळदा पेट्रोल मागे जाऊ न देणारा कुठला तरी चेक व्हॉल्व्ह दाब धरून ठेवत नसतो. एखाद्या रुपयाची उडी मात्र मोजणीच्या टप्प्यामुळेच दिसू शकते. या सगळ्यावर उपाय एकच, झिजलेला पार्ट काढून नवा बसवणं. मेसेज नेमकं त्यालाच घाबरायला सांगतो.

शिवाय मीटर आणि पल्सरवर नापतोल (वैधमापन) खात्याचं सील असतं, तारेत ओवलेलं. ते तोडल्याशिवाय आत हात घालता येत नाही. तोडलं तर काम परवानाधारक दुरुस्तीवाल्यानेच करायचं आणि निरीक्षकाने माप तपासून पुन्हा सील ठोकल्याशिवाय त्या नोझलमधून विक्री करायची नाही, असा 2009 च्या वैधमापन कायद्याखालचा नियम आहे. दुरुस्ती निघो वा न निघो, दरवर्षीची तपासणी वेगळी. म्हणजे मीटरची दुरुस्ती होऊन सील बसलेलं नोझल हे त्या पंपावरचं सर्वांत ताजं तपासलेलं नोझल असतं. बेल्ट, गाळणी, होज (नोझलचा पाइप), नोझल बदलायला तर सीलला हातही लावावा लागत नाही.

देवास रस्त्यावरचे एक पंपमालक मला म्हणाले, "दादा, मिस्त्रीला रात्री अकरानंतर पाठवा, दिवसा मशीन उघडं दिसलं की लोक फोटो काढतात." मला हे ऐकून फार वाईट वाटलं. पेट्रोलची वाफ असलेल्या जागी मोटरचं काम अपुऱ्या उजेडात, घाईने करायचं, आणि ते कशासाठी, तर एका खोट्या मेसेजपायी. आणखी कितीतरी मालक काम पुढेच ढकलतात, आणि गळका व्हॉल्व्ह तोवर ग्राहकाला हवा विकत राहतो.

फसवणूक होतच नाही, असं मी म्हणत नाही. 2017 मध्ये लखनौमध्ये पोलिसांच्या विशेष पथकाने पंपांवर धाडी घातल्या, तेव्हा मशीनमध्ये लपवलेल्या चिप सापडल्या. त्या रिमोटवर चालत. मोजणीचे आकडे वाढवून दाखवायचे, हा त्यांचा मार्ग. पुढे महाराष्ट्रातही ठाणे पोलिसांनी अशीच प्रकरणं उघडकीला आणली. पण ती छेडछाड होती, चोरून केलेली. दिवसाढवळ्या फूट व्हॉल्व्ह बदलणारा मिस्त्री आणि मोजणीत चिप घालणारा चोर यांना एका तराजूत तोलणं अन्यायाचं आहे.

याच लखनौच्या गोष्टीतून 110-210 चा मुद्दाही निकालात निघतो. गडबड मोजणीत केलेली असेल तर ती दर लिटरला लागू होते, मग तुम्ही 200 चं घ्या नाहीतर 210 चं. आकडा टाकून पेट्रोल घेतलं की मशीन शेवटी व्हॉल्व्हचा मोठा मार्ग बंद करून बारीक धारेवर येतं आणि ठरल्या आकड्याला थांबतं. 210 लाही ते तसंच थांबतं. शंका असेल तर 5 लिटरचं माप मागा. ते प्रत्येक पंपावर ठेवावंच लागतं, त्यावरही नापतोलचा शिक्का असतो, आणि ग्राहकाने मागितलं तर त्याच्यासमोर मोजून दाखवावं लागतं. 5 लिटरमागे 25 मिलिलिटरपर्यंतचा फरक धरला जातो, त्याहून कमी भरलं तर तक्रार करा. भेसळीची शंका असेल तर फिल्टर पेपर मागा. हे दोन्ही तुमचे हक्क आहेत, आणि त्या मेसेजमध्ये यांचा एक शब्दही नाही.

पहाटेचं थोडक्यात. पेट्रोल एका अंशाने तापलं की साधारण हजारात एक भाग फुगतं. 10 लिटरला ते 10 मिलिलिटर, म्हणजे आजच्या भावाने रुपयाभर. टाकी जमिनीखाली असते, तिच्यात हजारो लिटर माल असतो. मालव्यातल्या दुपारच्या उन्हाने त्याचं तापमान तासा-दोन तासांत हलत नाही. एका रुपयासाठी झोपमोड करू नका.

पाइपातलं पेट्रोल परत जातं, हेही खरं नाही. होज मीटरच्या पुढे असतो आणि तो कायम भरलेलाच ठेवलेला असतो. तुम्ही आलात तेव्हा तो भरलेला होता, गेलात तेव्हाही भरलेलाच आहे. वाफ ओढून घेणारी नोझल जिथे बसवलेली असतात, तिथे परत जाते ती तुमच्या टाकीतली हवा आणि वाफ, मोजलेलं पेट्रोल नाही. फार हळू दाबून उलट तोटा होतो, कारण मीटर ज्या वेगासाठी तपासलेला असतो त्याच्या खाली त्याचा भरवसा कमी होतो.

आता डुप्लिकेटचा मुद्दा. गिलबार्को, मिडको, टोकहाइम अशा कंपन्यांची मशीनं आपल्याकडे चालतात आणि त्यांचे स्वतःचे पार्ट मिळतात. मोटर, सोलेनॉइड, वायरींची पेटी हे वाफेच्या जागी बसणारं सामान फ्लेमप्रूफच, म्हणजे आतली ठिणगी बाहेरच्या वाफेपर्यंत जाऊ न देणारं हवं, नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसो या केंद्र सरकारच्या स्फोटक-सुरक्षा संस्थेच्या मान्यतेचं. त्यात तडजोड नाही. स्वस्त म्हणून कोणी साधी मोटर मागितली तर मी देत नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. इथपर्यंत तो मेसेज बरोबर आहे.

पण पुढचं त्यात नाही. देशात इथेनॉल मिसळायला 2003 मध्ये सुरुवात झाली, तेव्हा प्रमाण 5 टक्के होतं. 2022 मध्ये ते 10 टक्क्यांवर गेलं आणि 2025 मध्ये 20 टक्क्यांपर्यंत पोहोचलं. इथेनॉलमुळे काही जातींचं रबर फुगतं, मऊ पडतं, नंतर कडक होऊन तडकतं. मी एकदा एका कारखान्याकडून ओ-रिंगचा, म्हणजे जोड गळू नये म्हणून बसवायच्या रबरी कड्यांचा, मोठा लॉट घेतला होता. वर्षभर चालतील असं त्यांनी सांगितलं होतं. तीन महिन्यांत त्या फुगून खाचेतून बाहेर आल्या. 11 पंपांवरच्या रिंगा मी स्वतः जाऊन बदलून दिल्या, पैसे न घेता. तेव्हापासून नवा माल आला की चार रिंगा काचेच्या बरणीत पेट्रोलमध्ये बुडवून ठेवतो आणि महिनाभराने मोजतो. पार्ट चांगला की वाईट हे डब्यावरच्या नावाने ठरत नाही, रबर कुठल्या जातीचं आणि माप किती अचूक यावर ठरतं. व्हिटॉन जातीच्या रबराची स्थानिक रिंग नाइट्राइल जातीच्या नामांकित रिंगेपेक्षा आजच्या पेट्रोलात जास्त टिकते.

दुसरं उदाहरण टाकीच्या झाकणाच्या गॅस्केटचं, म्हणजे झाकणाखाली फट बुजवायला बसवायच्या पट्टीचं. जून 2025 मध्ये रतलामजवळ मुख्यमंत्र्यांच्या ताफ्यातल्या 19 गाड्या डिझेल भरल्यावर बंद पडल्या, डिझेलमध्ये पाणी निघालं. पावसाचं पाणी टाकीत झिरपल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. त्यानंतरच्या पंधरा दिवसांत माझ्याकडे झाकणांच्या गॅस्केटची जेवढी मागणी आली तेवढी एरवी सबंध पावसाळ्यात येत नाही. ही गॅस्केटं मी सांवेर रोडवरच्या एका कारखान्यातून टाकीच्या मापाने कापून घेतो, कारण आमच्या भागातल्या जुन्या टाक्यांची झाकणं एका मापाची नाहीत आणि डब्यातलं तयार गॅस्केट त्यांवर नीट बसत नाही. मापाने कापलेलं गॅस्केट झाकणावर चारही बाजूंनी घट्ट बसतं आणि पाणी बाहेरच राहतं.