'तीन वेळा विधायक' या ओळीमागे काय असतं

निवडणूक जवळ आली की आपल्या ग्वाल्हेरात बॅनरवर ही ओळ हमखास दिसते: 'तीन वेळा विधायक'. (शहराच्या लष्कर भागातल्या मराठी घरांतही शब्द विधायकच. आमदार म्हणतात ते पुण्याकडचे पाहुणे.) मला ही ओळ अपुरी वाटते. एखादा माणूस किती वेळा निवडून आला यापेक्षा त्याची कारकीर्द कुठे वळली आणि कुणी वळवली, ते बघायला हवं.

कधी ती मतदार वळवतो, तेही अगदी थोड्या मतांनी. 2018 मध्ये ग्वाल्हेर दक्षिणचा निकाल 121 मतांनी लागला. काँग्रेसचे प्रवीण पाठक जिंकले, भाजपचे नारायण सिंह कुशवाह हरले. एका मतदान केंद्राच्या यादीतच हजाराच्या आसपास नावं असतात, म्हणजे एका केंद्राच्या दहाव्या भागावर मंत्री राहिलेला माणूस घरी बसला. 'नोटा'ची मतं या फरकाहून जास्त होती. 2023 मध्ये कुशवाह परत आले.

कधी नकाशावरची रेघ वळवते. नरोत्तम मिश्रा 1990, 1998 आणि 2003 ला डबऱ्यातून जिंकले. परिसीमनानंतर, म्हणजे मतदारसंघांच्या सीमा नव्यानं आखल्यावर, 2008 मध्ये डबरा अनुसूचित जातींसाठी राखीव झालं आणि ते दतियाला गेले. त्याच बदलामुळे काँग्रेसच्या इमरती देवींना डबऱ्याचं दार उघडलं. यात दोघांचंही कर्तृत्व नाही आणि दोषही नाही.

खरा प्रश्न आहे तो विधायकानं स्वतः घेतलेल्या वळणाचा.

या बाबतीत ग्वाल्हेरचा इतिहास जुना आहे. 1967 मध्ये राजमाता विजयाराजे शिंदे गुण्याहून लोकसभेवर आणि करेऱ्याहून विधानसभेवर, अशा दोन्हीकडे निवडून आल्या. त्यांनी लोकसभा सोडली आणि विधानसभा ठेवली. त्याच वर्षी त्यांच्या पुढाकारानं 36 काँग्रेस विधायक फुटले, द्वारकाप्रसाद मिश्रांचं सरकार पडलं आणि 30 जुलैला गोविंद नारायण सिंह मुख्यमंत्री झाले. तेव्हा बाक बदलला तरी सदस्यत्व जात नसे, कारण कायदाच नव्हता. ते नवं सरकार दोन वर्षंही टिकलं नाही.

1985 ला संविधानात दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदीचा कायदा, आली. तिच्यात एक तृतीयांश सदस्य फुटले तर सूट होती. 2003 च्या 91व्या घटनादुरुस्तीनं ती सूट काढली आणि आणखी दोन कुलपं घातली. अपात्र ठरलेल्याला पुन्हा निवडून येईपर्यंत किंवा मूळ मुदत संपेपर्यंत मंत्री होता येत नाही (कलम 164, खंड 1ख). महामंडळासारखं पगारी राजकीय पदही घेता येत नाही (361ख). दोन्ही कुलपं 'अपात्र' या एका शब्दावर लागतात. पक्षाविरुद्ध मत देण्याआधीच ज्यानं राजीनामा दिला आणि तो मंजूर झाला, तो सहसा अपात्र ठरत नाही. गळती आहे ती इथेच.

मार्च 2020 चं गणित मांडून बघा. सभागृह 230 चं, दोन जागा रिकाम्या, म्हणजे 228. काँग्रेसच्या 22 विधायकांचे राजीनामे मंजूर झाले आणि उरले 206. बहुमताचा आकडा 115 वरून 104 वर आला. भाजपचे 107 होते ते 107च राहिले. एकही विधायक पक्षाविरुद्ध मत द्यायला उभा राहिला नाही आणि तरीही 20 मार्चला काँग्रेसचे मुख्यमंत्री कमलनाथ यांना जावं लागलं. इथे बहुमत मिळवलं गेलं नाही, बहुमताची रेघच खाली आणली गेली.

पुढे यांतले बरेच जण भाजपच्या सरकारात सदस्य नसतानाही मंत्री झाले, कारण कलम 164(4) सहा महिन्यांची मुभा देतं. तुलसी सिलावट आणि गोविंद सिंह राजपूत यांचे सहा महिने ऑक्टोबरमध्येच भरले आणि पोटनिवडणूक 3 नोव्हेंबरला होती, त्यामुळे त्यांना मधल्या काळात मंत्रिपद सोडावं लागलं. 28 जागांपैकी भाजपनं 19 जिंकल्या. आपल्या जिल्ह्यातल्या तिन्ही जागांचं मात्र वेगळं झालं. ग्वाल्हेरला प्रद्युम्न सिंह तोमर राहिले. ग्वाल्हेर पूर्व आणि डबरा काँग्रेसकडे गेलं. ज्या डबऱ्यानं 2018 ला इमरती देवींना 57 हजारांहून जास्त आघाडी दिली होती, त्यानं दोन वर्षांत, त्या भाजपकडून उभ्या राहिल्यावर, त्यांना हरवलं. डिसेंबर 2021 मध्ये त्यांना लघु उद्योग निगमाचं अध्यक्षपद मिळालं. त्या अपात्र ठरलेल्या नव्हत्या, त्यामुळे 361ख आड आलं नाही.

माझं मत स्पष्ट आहे. मुदतीच्या मध्ये राजीनामा देऊन जो पक्ष बदलतो, त्याला त्या विधानसभेच्या मुदतीत मंत्रिपद आणि महामंडळ दोन्ही बंद असावं, पुन्हा निवडून आला तरी. निवडणूक लढवायला बंदी नको. तत्त्वासाठी पक्ष सोडणारा माणूसही असतो, त्याला लोकांकडे जाण्याचा हक्क राहिला पाहिजे. कुणी म्हणेल, जनतेनं पुन्हा निवडलं मग अडवता कशाला? पण पोटनिवडणुकीत पक्ष बदललेला उमेदवार बऱ्याचदा आधीच मंत्री असतो, सरकार त्याचं असतं, आणि लोकांना ते दिसत असतं. ती लढत सारखी नसते.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. आज आपल्या हातात फॉर्म 26 आहे, उमेदवाराचं शपथपत्र. ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही उघडता येतं. एकाच माणसाची लागोपाठची दोन शपथपत्रं शेजारी ठेवा. एकूण संपत्तीची बेरीज बघून थांबू नका, कारण जुनंच घर असलं तरी बाजारभाव वाढल्यानं बेरीज फुगते. खरेदीची तारीख आणि खरेदीची किंमत हे रकाने वाचा. दुसऱ्या शपथपत्रात नवीन काय आलं ते तिथेच कळतं. सरकारी बंगला वापरला असेल तर भाडं, वीज, पाणी आणि टेलिफोनचं काही देणं नसल्याचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, तेही बघा.

रकाना कोरा ठेवला आणि सांगूनही भरला नाही, तर अर्ज फेटाळता येतो. भरलेलं खरं की खोटं याची चौकशी मात्र छाननीत होत नाही. खोटं असेल तर कुणाला तरी लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 125क खाली न्यायालयात जावं लागतं. जमिनीच्या रकान्यात सर्व्हे क्रमांक, म्हणजे खसरा, असतो. मध्य प्रदेशच्या भूलेख पोर्टलवर जिल्हा, तहसील, गाव निवडून तो खसरा टाकला की मालकाचं नाव समोर येतं.