इमेज सिक्वेन्सने चित्र दबत नाही

'आफ्टर इफेक्ट्समधून पीएनजी सिक्वेन्स रेंडर केली की माणसं बारीक, उंच दिसतात, म्हणून थेट व्हिडिओच काढा' असा सल्ला फिरतोय. (आफ्टर इफेक्ट्स हे व्हिडिओ इफेक्ट्सचं सॉफ्टवेअर; पीएनजी सिक्वेन्स म्हणजे व्हिडिओची प्रत्येक फ्रेम वेगळ्या चित्रफाइलीत.) निरीक्षण खरं आहे, निष्कर्ष चुकीचा.

जुन्या पाल डीव्हीची (टेपवरच्या डिजिटल व्हिडिओचा एक प्रकार) फ्रेम 720×576 असते, पण तिचे पिक्सेल चौकोनी नसून थोडे रुंद, रुंदी-उंचीच्या साधारण 1.09 गुणोत्तराचे असतात. वाइडस्क्रीनमध्ये तर 1.46. व्हिडिओ फाइलमध्ये बहुधा या गुणोत्तराची नोंद असते आणि प्लेअर चित्र ताणून दाखवतो. पीएनजीतही तशी नोंद करता येते, पण बहुतेक फोटो व्ह्यूअर तिला विचारतच नाहीत. म्हणजे पिक्सेल जसेच्या तसे शाबूत असतात, दाखवणारा चुकतो.

सिक्वेन्स पुन्हा आफ्टर इफेक्ट्समध्येच आणायची असेल तर 'इंटरप्रेट फुटेज' या सेटिंगमध्ये पिक्सेल आस्पेक्ट रेशो (पिक्सेलचं गुणोत्तर) डीव्ही पाल निवडा, झालं. बाहेर कुणाला द्यायची असेल तर 788×576 ची, चौकोनी पिक्सेलची नवी कॉम्प (कॉम्पोझिशन, म्हणजे आफ्टर इफेक्ट्समधला कामाचा पट) करून मूळ कॉम्प तिच्यात टाका आणि ती रेंडर करा. वाइडस्क्रीनसाठी हीच रुंदी 1050. एचडीव्ही या जुन्या एचडी टेप प्रकाराच्या 1440×1080 साठी 1920×1080.

फोटोशॉपमध्ये एकेक फ्रेम ओढून रुंद करण्याचा उद्योग मात्र कृपया नको. 1920×1080 वर चौकोनी पिक्सेलनेच काम करणाऱ्यांना हा प्रश्न येतच नाही.