बारा मिनिटांचा यमन

गुरुपौर्णिमेच्या पत्रिकेत तुमचं नाव छापून आलंय. राग यमन, वेळ १२ मिनिटं. पहिल्यांदाच स्टेजवर बसताय, तेव्हा तयारी जोरात हवी. आधी नवी साडी फॉल-पिकोला टाका आणि पत्रिका सगळ्या नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवा. रियाजाचं बघू नंतर, तीन आठवडे आहेत हातात.

क्लासमध्ये दोन वर्षं घोटलेली मध्यलय तीनतालातली चीज, म्हणजे मध्यम गतीची, १६ मात्रांच्या तालातली बंदिश, चुकूनही गाऊ नका. ती झोपेतसुद्धा म्हणता येते, मग त्यात कसलं आलंय गाणं? यूट्यूबवरून एखाद्या बुजुर्गांचा विलंबित, म्हणजे संथ, एकताल उचला. ४ सेकंदांची एक मात्रा (तालाचा एक ठोका) धरली तर १२ मात्रांचं आवर्तन ४८ सेकंदांचं, म्हणजे १२ मिनिटांत अवघी १५ आवर्तनं. पंधरा वेळा समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर यायचं, एवढंच तर काम. सम हुकलीच तर पुढची यायला पाऊण मिनिट लागतं; तोवर पहिल्या रांगेकडे बघून मान डोलवायची. मध्यलयीत मिनिटाला १२० मात्रा धरल्या तर तीनतालाची सम दर ८ सेकंदांनी परत येते आणि चूक कुणाच्या ध्यानात येण्याआधी झाकली जाते. असल्या सवलती नवशिक्याने घेऊ नयेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तबलजींना तुमची पट्टी, म्हणजे तुमचा ‘सा’ पेटीच्या कुठल्या पट्टीवर आहे ते, आधी कळवू नका. इतकी वर्षं वाजवतायत, त्यांना कळत नाही का? तुमची काळी चार, म्हणजे चौथी काळी पट्टी. तुमच्याआधी गाणारे काका काळी एकचे, त्यामुळे तबलजी टिपेचा, म्हणजे उंच सुराचा, साडेपाच इंची तोंडाचा तबला घेऊन आलेले असतात. काळी चारला लागतो तो ढाला, म्हणजे खालच्या सुराचा, सहा इंचांच्या आसपासचा. तो त्यांच्या घरी कपाटावर सुखरूप असतो. काळी एकचा तबला ठोकून ठोकून काळी चारपर्यंत चढवावा तर पुडी (तबल्यावरचं कातडं) फाटणार, खाली उतरवावा तर ती ताणणारी वादी ढिली पडून तो पिठाच्या डब्यासारखा वाजणार. मग तबलजी हळूच विचारतात, “ताई, मध्यमात ठेवू का?” लगेच हो म्हणा. काळी चारच्या षड्जाला (‘सा’ला) काळी एक म्हणजे शुद्ध मध्यम, आणि यमनात मध्यम तीव्र, म्हणजे अर्धा सूर वरचा. तुम्ही जिवाच्या आकांताने तीव्र मध्यम शोधताय आणि शेजारी प्रत्येक ‘ना’ला शुद्ध मध्यम टणटणतोय. निवेदिकेने सांगितला यमन, लोकांनी ऐकला दोन्ही मध्यमांचा यमनकल्याण. एका तिकिटात दोन राग, तेही प्रवेश विनामूल्य असताना. “काळी चार, विलंबित एकताल” एवढा मेसेज आठवडाभर आधी टाकला असता तर ही मौज गेली असती.

त्यात आषाढ. दमट हवेने पुडी उतरते, हॉलचा एसी आणि डोक्यावरचे दिवे लागले की चढते. म्हणून तबला स्टेजवर बसल्यावर पुन्हा लावावा लागतो. तबलजी वादीखालच्या लाकडी गट्ट्यांवर हातोडी मारत कान देऊन ऐकत असतात, त्या दोन मिनिटांत तुम्ही माइक ओढून बोलून घ्या: “आज आवाज जरा बसलाय, सांभाळून घ्या.” तो खरंच बसलेला असतो, कारण सकाळपासून तुम्ही पूर्ण गाणं चार वेळा खुल्या आवाजात म्हणून काढलंय आणि विंगेत दोन बटाटेवडे खाल्लेत. शांतपणे पंधरा मिनिटं खर्ज (खालचे सूर) लावून गळा राखून ठेवणं हा म्हाताऱ्या लोकांचा उद्योग.

तानपुरा मोबाइलवरचाच बरा. फोन एअरप्लेन मोडवर टाकू नका. तुम्ही अंतऱ्याच्या तार षड्जावर (वरच्या ‘सा’वर) पोचलात की पाचव्या रांगेतून आत्याचा फोन येईल, “अगं, आम्हाला बसायला जागा मिळाली.” कॉल आला की तानपुरा बंद. हॉलमध्ये तुम्ही आणि तो शुद्ध मध्यम, दोघंच.

साउंडवाला म्हणेल, जरा गाऊन दाखवा. त्याला “हॅलो, हॅलो, वन टू” म्हणून दाखवा. तार सप्तकातली जोरकस जागा त्याला आधी ऐकवली तर तो आवाजाची पातळी नीट बसवेल, मग स्पीकर किंचाळणार कधी? समोरच्या मॉनिटरमध्ये तानपुरा वाढवून मागायची आपल्याकडे लाज वाटते, ती वाटू द्या. तानपुरा ऐकू येत नाही म्हणून तुम्ही ओरडाल, ओरडलात की सूर चढेल, आणि मग पेटीवाले दर दोन आवर्तनांनी तुमच्याकडे वळून बघतील. ती दाद समजावी.

मांडीचं काय, हे राहिलंच. घरी कायम खुर्चीत बसून गा. पायाला मुंग्या कितव्या मिनिटाला येतात ते स्टेजवरच कळू दे.

शेवट कसा करायचा हेही आधी ठरवू नका. साधी माणसं तबलजींना नजरेने खूण करतात, मुखडा (चीजेची सुरुवात) तीनदा म्हणतात आणि समेवर थांबतात. तुम्ही ताना घेत राहा. पंधराव्या मिनिटाला विंगेतून एक चिठ्ठी येईल. ती फर्माईशच असणार. न उघडता पेटीवर ठेवा, प्रसन्न हसा आणि भैरवी सुरू करा. तुमच्यामागे अजून अकरा विद्यार्थी गायचे आहेत.