म्हणे दहा ओळींचा इनिट टाका न् सिस्टमडी उडवा!

नाशकातल्या कॉम्प्युटरवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर सध्या एक मेसेज फिरतोय, कॉलेज रोडच्या पोरांपासून अंबड एमआयडीसीतल्या मेंटेनन्सवाल्यांपर्यंत सगळे तो डोळे झाकून ढकलतायत. मेसेज असा: "सिस्टमडीमुळे जुना पीसी रडतो. दहा ओळींची शेल स्क्रिप्ट इनिट म्हणून लावा, 2 सेकंदांत बूट. अडकलं तर बटण दाबून बंद करा, लिनक्सला काही होत नाही." (इनिट म्हणजे लिनक्स चालू होताना सगळ्यात आधी उठणारा प्रोग्राम, बाकी सगळं तोच चालू करतो. बऱ्याच लिनक्समध्ये हे काम सिस्टमडी करतं.)

पहिलं म्हणजे स्पीड. अरे आधी मोजा तर! सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ ही कमांड मारली की कर्नलचा (लिनक्सचा गाभा) वेळ वेगळा, यूजरस्पेसचा (त्याच्यावर चालणारे प्रोग्राम) वेगळा दिसतो, यूईएफआय (नव्या पद्धतीचं बायॉस) मशीन असेल तर फर्मवेअर आणि बूटलोडरचापण. इनिट बदलून कमी होतो तो फक्त यूजरस्पेसचा, बाकीचा आहे तिथेच. त्यातपण त्याच कमांडची क्रिटिकल-चेन (कोण कोणासाठी थांबलंय ती साखळी) बघितली की बऱ्याचदा नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन (एक सर्व्हिस) नुसतं नेटची वाट बघत बसलेलं सापडतं, नेटवर्क ड्राइव्ह वगैरे लावत नसाल तर ते डिसेबल करा, झालं काम. आणि ते 2 सेकंद कसे येतात माहितीये का, यूडेव्ह (हार्डवेअर ओळखणारा प्रोग्राम) नाही, नेटवर्क नाही, लॉगिन नाही, लॉग नाही. काही चालूच केलं नाही तर वेळ कशाला लागेल?

दुसरं, "इनिट म्हणजे नुसती स्क्रिप्ट". इथेच खरी गोची आहे. कर्नल जी पहिली प्रोसेस उठवतो तिचा पीआयडी (प्रोसेसचा नंबर) 1, आणि ती संपली की कर्नल सरळ पॅनिक होतो, स्क्रीनवर 'अटेम्प्टेड टू किल इनिट' आणि खेळ खल्लास. साधी प्रोसेस मेली तर पुन्हा चालू करता येते, इथे अख्खं मशीन बसतं. म्हणजे दहा ओळी रन होऊन स्क्रिप्ट शेवटाला पोचली तरी पॅनिकच! मग कोणीतरी सांगतं की शेवटच्या ओळीत आपला प्रोग्राम एक्झेक कर (स्क्रिप्टच्या जागी तोच चालव), पण तसं केलं की तोच पीआयडी 1 होतो, आईबाप मेलेल्या सगळ्या प्रोसेस त्याच्या गळ्यात, आणि त्याला वेट करायचं (संपलेल्या प्रोसेसची नोंद पुसायचं) शिकवलेलं नसेल तर झोम्बी, म्हणजे संपल्या तरी नोंद उरलेल्या प्रोसेस, साठत जातात. शिवाय प्रॉक, सिस, डेव्ह (कर्नलची माहिती आणि डिव्हाइस दाखवणारे फोल्डर) माउंट करणं, म्हणजे जोडणं, रूट (मुख्य फाइलसिस्टम) रीड-ओन्ली आलं असेल तर ते रीड-राइट करणं, हे सगळं आता तुमच्या डोक्यावर.

बटणाचं तर बोलायलाच नको. लिहिलेली फाइल लगेच डिस्कवर जात नाही, डीफॉल्टला साधारण 30 सेकंद मेमरीत राहू शकते. ईएक्सटी4 (लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टम) चं जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, फाइलसिस्टमचा सांगाडा सांभाळतं, तुमची अर्धवट गेलेली एक्सेल नाही. पॉवरऑफ टाइप केलं तर ते सिस्टमडी शोधतं, तो नसतो, म्हणून एरर देतं, मग माणूस वैतागून बटणच दाबतो. तुमच्या स्क्रिप्टमध्ये प्रोसेस थांबवणं, सिंक (मेमरीतलं डिस्कवर लिहिणं), रूट परत रीड-ओन्ली आणि मग रीबूट कॉल, एवढं तरी पाहिजे.

सिस्टमडी नको असेल तर नको, जबरदस्ती कोणाची नाही. अल्पाइन लिनक्स ओपनआरसीवर चालतं, व्हॉइड लिनक्स रनिटवर (दोन्ही सिस्टमडीला पर्याय), छोट्या बोर्डांवर बिझीबॉक्सचा इनिट मजेत चालतो. स्वतःचा लिहून बघायचाच असेल तर ग्रबमध्ये (बूटच्या मेनूत) ई दाबा, लिनक्सच्या ओळीच्या शेवटी इनिट= आणि स्क्रिप्टचा पाथ टाका, कंट्रोल-एक्स. हा बदल त्या एका बूटपुरताच राहतो. एसबिनमधल्या इनिटच्या लिंकला हात लावू नका, आणि हे सगळं आधी व्हर्च्युअल मशीनवर, शॉपफ्लोअरच्या पीसीवर अजिबात नाही.