खुलासा: ‘बीएमआय २५ च्या आत म्हणजे वयात येणारी मुलं सुरक्षित’ हा मेसेज चुकीचा आहे

सध्या फिरणारा मेसेज असा: मुलामुलींचा बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २५ च्या आत असला की काळजी नको, आणि मुलींना तर हार्मोन्सचं संरक्षण असतं, त्यांना तपासण्यांची गरजच नाही. दोन्ही गोष्टी चूक.

२५ ची रेष प्रौढांसाठी आहे. ५ ते १९ वयासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे २००७ चे वाढीचे तक्ते आहेत, मुलगे आणि मुलींचे वेगवेगळे. समजा, मुलगी १३ वर्षांची, उंची १५० सेंमी, वजन ५४ किलो. बीएमआय आला २४. मेसेजप्रमाणे सगळं ठीक; तक्त्यात मात्र त्या वयाच्या मुलींची जास्त वजनाची रेष २२ च्या किंचित खालीच आहे, मुलग्यांची २१ च्या आसपास. (तक्ता ऑनलाइन फुकट मिळतो, स्वतः पडताळून पाहा.)

आता संरक्षणाचं. मुलींची चरबी मांड्या-नितंबांकडे जास्त साठते, मुलग्यांची पोटाकडे, आणि पोटाची चरबी जास्त धोक्याची. वयात आल्यावर मुलग्यांचा वरचा रक्तदाबही सरासरीने जास्त असतो. इतपत खरं. पण सरासरीवरून एखाद्या मुलीला तपासणीतून सूट कशी देणार? वयात येताना इन्सुलिनचा (रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या हार्मोनचा) परिणाम दोघांमध्येही कमी होतो. पोटाचा घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त असेल तर रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉलबद्दल डॉक्टरांना विचाराच. सोबत पाळी अनियमित असेल तर टाळाटाळ नकोच. सडपातळ मुलांचाही रक्तदाब वाढलेला असू शकतो.

पण म्हणून कुणाला उपाशी ठेवू नका. तो मेसेज पुढे पाठवू नका, आणि आधीच पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.