थोडी ऊब पाहिजे, दादूस

मे महिन्यात ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या वन बीएचकेतल्या आमच्या स्टुडिओत माइक चालू असेल तर एसी बंद ठेवावा लागतो. पंखाही. खिडकीच्या बाहेरून ट्रकांची रांग, आतून लावलेली जुनी गादी, आणि दहा बाय दहाच्या खोलीत तीन माणसं. गाणं गाऊन झालेलं असतं, शर्ट पाठीला चिकटलेले असतात, आणि नेमका तेव्हाच घणसोलीहून आलेला हळदीच्या गाण्याचा निर्माता म्हणतो, "दादूस, गाणं एक नंबर. फक्त जरा ऊब कमी वाटते."

भिंतीला पाठ टेकून बघ, असं म्हणता येत नाही. अर्धे पैसे यायचे असतात.

ऊब म्हणजे काय, हे मागणाऱ्याला सांगता येत नाही आणि देणाऱ्याने सांगू नये, कारण खरं उत्तर असं आहे की आवाज थोडासा बिघडवून मिळेल. या बिघडवण्याला धंद्यात सॅच्युरेशन म्हणतात. कॉम्प्युटरमध्ये जे आत गेलं तेच बाहेर येतं. टेप, व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर यांना हे कधीच जमलं नाही. सिग्नल जोरात आला की टेपवरचे चुंबकीय कण पुरे पडायचे नाहीत, लाटेचं टोक दबून गोल व्हायचं, आणि लाटेचा आकार बदलला की मुळात नसलेले सूर तयार व्हायचे. त्या काळचे इंजिनिअर हा बिघाड कमी व्हावा म्हणून आयुष्यभर झटले. त्यांना जे पूर्णपणे टाळता आलं नाही, त्याची हुबेहूब नक्कल करणारी सॉफ्टवेअर, म्हणजे प्लगइन, आम्ही आज डॉलर मोजून विकत घेतो आणि सेल लागला की दोन घेतो.

हे नवे सूर मात्र ऐरेगैरे नसतात. 110 हर्ट्झचा सा आत सोडला तर 220, 330, 440, 550 असे दुपटी-तिपटीचे पाहुणे येतात, त्यांना हार्मोनिक म्हणतात: वरचा सा, त्याच्यावरचा प, पुन्हा सा, मग शुद्ध गंधार. तानपुऱ्याची तार छेडल्यावर जी मंडळी भेटतात तीच. व्हॉल्व्हच्या साध्या सर्किटात दुसरा हार्मोनिक पुढे असतो, म्हणून आवाज भरल्यासारखा वाटतो. टेपमध्ये तिसरा पुढे असतो, म्हणून आवाजाला जरा धार येते. इथवर घरातलीच माणसं. ड्राइव्ह, म्हणजे बिघडवण्याचा जोर, आणखी पिळला की सातवा येतो. तो कोमल निषादाच्या आसपास कुठेतरी उभा असतो आणि कुठल्याही पेटीत सापडत नाही. खरपूस आणि करपलेलं यांच्यामधली रेघ साधारण तिथे आहे.

प्लगइन कुठलं घ्यायचं, यावर लोक लग्नाच्या स्थळापेक्षा जास्त विचार करतात. सॉफ्टट्यूबचा सॅच्युरेशन नॉब आणि क्लँगहेल्मचं आयव्हीजीआय फुकट मिळतात आणि शिकायला पुरेसे आहेत. पहिल्यात तर एकच मोठं बटण आणि तीन जागांचा एक खटका आहे, चुकायला जागाच नाही (तरीही चुकता येतं). साउंडटॉइजच्या डिकॅपिटेटरवर 'पनिश' नावाचं बटण आहे, ते दाबलं की एकदम 20 डेसिबल (डीबी) वाढतात. शिक्षा नक्की कोणाला, ते लिहिलेलं नाही.

खरा छळ प्लगइनच्या आधीच सुरू झालेला असतो. गायकाने घरून पाठवलेला ट्रॅक उघडावा तर लाट छताला टेकलेली, शिखर −1 डीबीवर. जुन्या यंत्रांची नक्कल करणारी बरीच प्लगइन −18 डीबीएफएसला (डिजिटल छतापासून 18 डीबी खाली) शून्य व्हीयू, म्हणजे जुन्या काट्याच्या मीटरवरचं शून्य, मानतात, म्हणजे सरासरी पातळी तिथे असेल तर ती शहाण्यासारखी वागतात. त्यांच्यात एवढा गरम सिग्नल ओतला की ड्राइव्ह शून्यावर असूनही आवाज फाटतो, आणि माणूस प्लगइनला शिव्या घालतो. म्हणून आधी क्लिप गेन, म्हणजे ट्रॅकची मूळ पातळी, खाली घ्यायचा, सरासरी −18 च्या आसपास आणि शिखरं −10 ते −8 वर, मगच प्लगइन लावायचं. हे दोन मिनिटांचं काम आहे. ते टाळून दोन तास ईक्यूशी (आवाजाचे पट्टे कमी-जास्त करण्याशी) झटापट करणारे आमच्या धंद्यात कमी नाहीत.

त्यानंतरचा शत्रू स्वतःचा कान. आवाज एका डीबीने वाढला तरी कान म्हणतो, वा, काय गोडवा आला! गोडवा वगैरे काही नाही, मोठं झालंय फक्त. बरं, ड्राइव्ह 6 डीबी वाढवला म्हणून आउटपुट 6 डीबी कमी केला, हे गणितही चुकतं. शिखरं दबलेली असतात, सरासरी वेगळीच वाढलेली असते, त्यामुळे कधी तीनच कमी करावे लागतात, कधी पाच. लाउडनेस मीटर लावून प्लगइन चालू आणि बंद असतानाचे आकडे 0.2 डीबीच्या फरकात आणायचे. मग डोळे मिटून बायपासचं बटण भराभर सात-आठदा दाबायचं, म्हणजे आता चालू आहे की बंद हे आपल्यालाच कळत नाही. ऐकायचं, आणि जे बरं वाटतं त्यावर थांबून डोळे उघडायचे. दहापैकी चार वेळा प्लगइन बंद असतं. हा प्रयोग निर्मात्यासमोर करू नये.

किती लावायचं? ड्राइव्ह स्पष्ट ऐकू येईपर्यंत वाढवायचा आणि तिथून मागे यायचं, बंद केल्यावरच त्याची उणीव जाणवेल इतकं मागे. आवाजावर जास्त चव हवी असेल तर भरपूर ड्राइव्ह आणि मूळ आवाजात ते किती मिसळायचं हे ठरवणारा मिक्सचा नॉब 20 ते 30 टक्क्यांवर. पण गायकाच्या ट्रॅकवर एक गोष्ट आधी तपासावी. मराठी गाण्यात स, श, च यांची काही कमतरता नसते, आणि सॅच्युरेशन नेमकं त्यांनाच पकडून वर उचलतं. "सोन्याच्या शालूची शोभा" अशी ओळ आली की फोडणीत पाणी पडल्यासारखं चरचरतं. 5 ते 8 किलोहर्ट्झवर ही चरचर दाबणारा डीएसर आधी लावावा, मग ऊब.

ढोलकी आणि तबल्यावर हा प्रकार सगळ्यात जास्त कामाचा आहे. बायाँचा घुमार 80 ते 100 हर्ट्झच्या आसपास असतो आणि मोबाइलचा स्पीकर तिथे पोचतच नाही. ईक्यूने खालचे 80 वाढवणं म्हणजे नळाला पाणी नसताना बादली मोठी घेणं. सॅच्युरेशनने 160, 240, 320 तयार झाले की ते मोबाइलवर वाजतात, आणि मेंदू खालचा न वाजलेला सूर स्वतःच भरून घेतो. चाटीवर मात्र हात आवरावा. बोटाचा 'टिक' हेच लाटेचं टोक असतं आणि सॅच्युरेशन पहिल्यांदा तेच खातं. शक्य असेल तर दायाँ आणि बायाँ वेगळे ट्रॅक घ्यावेत. बेंजोला तर हातच लावू नये. तो पिकअपमधूनच इतका पेटलेला येतो की त्यावर सॅच्युरेशन म्हणजे ठेच्यावर तिखट.

आणि सगळे ट्रॅक जिथे एकत्र येतात त्या शेवटच्या मास्टर बसवर? इथे माझं मत जरा कडवट आहे. एका सुराला हार्मोनिक मिळतात, पण दोन सूर एकत्र आत गेले की त्यांची बेरीज-वजाबाकीही बाहेर येते, एकाची दुप्पट करून दुसरा वजा केलेलीसुद्धा. सा 200 आणि पेटीतला ग 252 असेल तर 52, 452, 148, 304 असे चार आगंतुक येतात, आणि त्यातला 148 कोणाच्याच पंगतीतला नसतो. पेटी, कीबोर्ड, कोरस, ढोलकी असं सगळं एकदम त्या घाण्यात घातलं की ऊब येत नाही, चिखल होतो, तोही 200 ते 400 च्या पट्ट्यात. म्हणून वेगवेगळ्या ट्रॅकवर चिमूट चिमूट घालावं आणि मास्टरवर असेलच तर अर्धा डीबी, नाहीतर तेवढंही नाही.

टेपच्या प्लगइनमधला खरखरीचा नॉब पहिल्यांदा शून्यावर आणावा. एका ट्रॅकवरची खरखर ऐकू येत नाही. 32 ट्रॅकवर तीच लावली तर ती 15 डीबीने वाढते आणि मिक्स ऐकताना उपवन तलावावर पाऊस पडतोय असं वाटतं.

एक चूक कानाला उशिरा कळते. 44.1 किलोहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 44,100 नमुने घेणाऱ्या प्रोजेक्टमध्ये त्याच्या निम्म्याच्या, 22.05 च्या वर काहीही मावत नाही. झांजेतल्या 9 किलोहर्ट्झच्या घटकाचा पाचवा हार्मोनिक 45 वर जायला निघतो, जागा नसल्यामुळे दुमडून थेट 900 हर्ट्झवर येऊन बसतो. ना सुराचा, ना तालाचा, बरोबर गायकाच्या आवाजाच्या मध्ये. यावर उपाय ओव्हरसॅम्पलिंग, म्हणजे प्लगइनच्या आत नमुने चारपट किंवा आठपट करणं. ते लावल्यावर लॅपटॉपचा पंखा असा फिरतो की खोलीत खरीखुरी ऊब येते. काम करताना ते बंद ठेवून शेवटी रेंडरला (अंतिम फाइल काढताना) चालू करावं, पण रेंडर झालेली फाइल पूर्ण ऐकल्याशिवाय पाठवू नये.

पाठवताना व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. एवढं करूनही निर्माता ती ठाणे-वाशी लोकलच्या दारात उभं राहून मोबाइलच्या स्पीकरवर ऐकणार, हे धरूनच चालावं.

हळदीच्या गाण्याला मात्र मी जे ठरवलं असेल त्याच्या निम्मंच सॅच्युरेशन ठेवतो. गाणं शेवटी ऐरोलीच्या एखाद्या मांडवात, छातीएवढ्या स्पीकरांच्या भिंतीवर वाजणार असतं. तिथल्या ॲम्प्लिफायरचा, आवाज फाटतोय हे सांगणारा क्लिपचा लाल दिवा संध्याकाळी सातला लागतो, तो रात्री दहाला पोलिसांची गाडी आल्यावरच विझतो.