पगार शब्द तुमचा, पगार कुठाय?

"नवरा पोर्तुगीज ना गो? मग तुला तिकडे नोकरी आयतीच!"

गोव्यात चवथीला, गणपतीवर टांगलेल्या फळांच्या माटोळीखाली हे वाक्य पाचव्यांदा ऐकलं आणि हातातली नेवरी ताटात आपटली.

आयतीच? पोर्तुगालच्या पोर्तोत दीड वर्ष चपला झिजवल्यात मी! कंपनी म्हणते, आधी रहिवासी कार्ड आण. कार्डवाले फोन उचलतील तर शपथ. पदवीवर अपोस्टिल नावाचा सरकारी शिक्का, मग तिचं भाषांतर, मग भाषांतरावर शिक्का. जन्मदाखला सहा महिन्यांहून जुना नको म्हणे! अहो, जन्मले तेव्हाच जन्मले ना मी? दर सहा महिन्यांनी कुठून जन्मू?

एवढं करून मुलाखतीत पहिला प्रश्न: पोर्तुगीज येतं? येतं की. पाव, बटाटा, चावी, फीत. आणि हो, पगार! शब्द तुमचाच, तो तेवढा देत नाही. १५१० ते १९६१, चारशे एक्कावन्न वर्षं आमच्या गोव्यात मुक्काम ठोकलात, तेव्हा कोणी तुमची मराठी-कोंकणी तपासली होती? मला मात्र कॅफेत कप विसळायलाही भाषेचं सर्टिफिकेट!

हे सगळं काकूला घसा फोडून सांगितलं. काकूने शांतपणे ऐकलं, नेवरी संपवली.

"बरं, आमच्या बाबूचं बघ गो तिकडे काहीतरी."